फाटकाचा कसूर

"मूठ सोड, आनंदा."

"न्हाई सोडत. गाडी बंद करा आन् खाली उतरा. आज दूध नगं मला."

शेषेरावच्या मोटरसायकलची मूठ आनंदराज गजभारेने घट्ट धरली होती. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन लटकत होते आणि एकाच्या तळाशी चहापुरतं दूध शिल्लक होतं. भोकरला रतीब घालून परतताना ते दूध फाटकावर द्यायचं आणि मग रूळ ओलांडून वडवाडीला घरी जायचं, हा शेषेरावचा रोजचा रिवाज. आज मात्र गेटमनने त्यालाच अडवलं होतं, तेही फाटक सताड उघडं असताना.

"काय झालंय तुला?"

"मला काय झालंय ते तुमाला ठाव हाय. वरीस झालं. तुमी येता, दूध ओतता, 'येतो' म्हणता आन् जाता. पुढल्या सोमवारी हे फाटक कायमचं बंद होऊन राहिलंय. रुळाखालून रस्ता झाला, मला पूर्णेला टाकलं. मग तुमी कुठं आन् मी कुठं. जायच्या आधी एक डाव मला शिवी द्या, दादा. मायवरून द्या. तोंडावर थुका. पर हे दूध नगं."

शेषेरावने इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही.

आता हे दुधाचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर पन्नाशीचा सरकारी माणूस भर रस्त्यात शिवी मागतोय म्हणजे त्याला लागीर झालं असं वाटायचं.

ते फाटक शेतांच्या मधोमध होतं. एक केबिन, एक फोन, पाण्याचा माठ आणि दोन्ही बाजूंना कापूस. काम म्हटलं तर बसून खायचं, आणि म्हटलं तर माणसांचा जीव मुठीत धरायचा. स्टेशनातून फोन यायचा, गाडी सोडतोय. आनंदराजने हँडल फिरवून फाटक खाली घ्यायचं, कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची आणि फोनवर एक आकडा सांगायचा. तो आकडा म्हणजे गेटमनचा शब्द. तो दिला की गाडी सुटली, आणि गाडी फाटकावरून पुढे जाईपर्यंत खुद्द देव आला तरी कुलूप काढायचं नाही. आनंदराजने हा शब्द सगळ्या नोकरीत कधी मोडला नव्हता. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून घराबाहेर पडणारा माणूस, खोटं बोलायला त्याची जीभ वळत नसे.

वडवाडीत त्याच्या हातचा चहा पिणारा शेषेराव एकटाच. गावातले बाकीचे लोक गाडीसाठी खोळंबले तरी पाणी आपल्याच बाटलीतलं पीत. आनंदराजही कुणाला 'घ्या' म्हणत नसे, त्यालाही त्याचा मान होता. शेषेराव मात्र केबिनच्या पायरीवर बसकण मारायचा. "दूध माझं, पत्ती तुझी, मंग च्या कुणाचा रं?" असं म्हणत बशीत ओतून फुर्रकन प्यायचा. म्हशीचं दुखणं, सुनेचे फोन, पावसाची लबाडी, सगळं त्या पायरीवर बोलून व्हायचं.

मागच्या पावसाळ्यात त्या पायरीचं बोलणं संपलं.

दुपारची वेळ होती. मालगाडी मागच्या स्टेशनातून सुटली होती, आनंदराजने आकडा दिला होता, फाटक लागलेलं होतं. वडवाडीकडून चिखल उडवत जीप आली. तीत शेषेरावची बायको कोंडाबाई आडवी पडलेली, पाय सुजून काळानिळा झालेला, हिरड्यांतून रक्त. शेषेराव उडी मारून खाली उतरला. "आनंदा, उघड. घोणस चावली. आताच चावली. उघड बाबा."

आनंदराजने फोन उचलला. स्टेशनातून सांगितलं, गाडी निघाली आहे, थांबवता येत नाही. रुळाकडे बघितलं तर गाडीचा पत्ता नव्हता. मालगाडी ती, चढाला रखडत येत होती. शेषेरावने त्याचे पाय धरले. जीपवाला शिव्या देत होता. दोघा-तिघांनी त्याच्या खिशाला हात घातला, तेव्हा आनंदराजने किल्ली मुठीत दाबली आणि मूठ छातीशी धरून केबिनच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कोंडाबाई पाणी मागत होती, ते त्याला ऐकू येत होतं.

शेवटी गाडी आली. नुसत्या रिकाम्या वाघिणी. खडखडत, रमतगमत, एकामागून एक गेल्या. एका मुक्या जनावराचाही जीव त्यांत नव्हता, फक्त पुढे ड्रायव्हर आणि मागे गार्ड. ती गेल्यावर आनंदराजने फाटक उघडलं. भोकरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच बाई गेली.

चौकशी झाली. साहेब आले, त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि नियमाप्रमाणे वागलास म्हणून पाठ थोपटली. गावात वेगळंच झालं. फाटकानं घात केला, असं आधी लोक म्हणाले. मग फाटकाच्या जागी आनंदराजचं नाव आलं, आणि नावाच्या मागून जात आली. "तसल्याच्या हाती किल्ली दिल्यावर दुसरं काय व्हणार," असं कुणीतरी भोकरच्या बाजारात पंचशीलाला ऐकू जाईल असं बोललं. पंचशीला म्हणजे त्याची बायको. ती तिथल्या तिथे त्याला उलटून बोलली, पण घरी येऊन तोंडाला पदर लावून बसली.

शेषेरावचा मुलगा सोमेश लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. मातीला आला तेव्हा त्याने फाटकावर गाडी उभी केली, खाली उतरला आणि "तुम्ही माणूस आहात का?" एवढंच विचारून निघून गेला. त्यानंतर गावी येताना-जाताना तो गाडीच्या काचा वर करून जायचा.

आणि शेषेराव? तेराव्यानंतर तो परत रतीब घालायला लागला आणि पहिल्याच दिवशी फाटकावर थांबून त्याने दूध दिलं. एका 'येतो'शिवाय तोंडातून ब्र नाही. पायरीवर बसणं नाही, चहा नाही, पण दूध मात्र एक दिवस चुकलं नाही. आनंदराजला ते घशाखाली उतरेना. शेषेराव वळणाआड गेला की तो ते केबिनमागच्या कुत्रीला घालायचा. कुत्री गुबगुबीत झाली आणि आनंदराज वाळत चालला.

पंचशीलाने एकदा वाढता वाढता विषय काढलाच. "त्यानं माफ केलं तुमाला. मोठ्या मनाचा माणूस हाय. मंग तुमी काऊन झुरून राहिले?"

"माफ कशापायी करंल? मी गुन्हा केला का?"

"न्हाई केला."

"मंग माफी कशाची? आन् गुन्हा केला न्हाई, तर माझ्या जिवाला हे काय लागलंय?"

पंचशीलाने भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "येक इचारू? मी असते त्या जीपमधी तर?"

आनंदराजने घास खाली ठेवला. उत्तर त्याला ठाऊक होतं. पंचशीला जीपमध्ये असती तर त्याने फाटक उघडलं असतं. नोकरी गेली असती, तुरुंग झाला असता, तरी उघडलं असतं. म्हणजे नियम होता तो दुसऱ्याच्या बायकोसाठी. ही गोष्ट साहेबाने विचारली नव्हती, गावानेही नाही. ती विचारली घरच्या बाईने, आणि त्या दिवसापासून आनंदराजच्या जिवाला चैन नव्हतं.

म्हणून आज त्याने मूठ धरली होती.

"शिवी कशापायी देऊ तुला?" शेषेराव खाली बघत म्हणाला.

"मी उघडलं न्हाई म्हणून. माझी बायको आसती तर उघडलं आसतं म्हणून. वरीसभर हेच खाऊन राहिलंय मला. तुमी दूध देता, मला वाटतं जहर देऊन राहिले. येकदा काय ते बोला आन् मोकळं करा."

शेषेराव मोटरसायकलवरून उतरला. वर्षानंतर पहिल्यांदा तो त्या पायरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला.

"सकाळीच चावली हुती," तो म्हणाला.

"काय?"

"घोणस. म्हशीला गवत कापाय गेली हुती. दिस कासराभर वर आला आसंल. मी जीपवाल्याला सांगितलं आताच चावली म्हणून. तुलाबी तेच सांगितलं. खोटं हुतं ते. दुपारपातूर मी तिला शेतातल्या मारुतीपाशी बसवून ठिवलं हुतं."

आनंदराज पायरीजवळ सरकला.

"भुजंग भगताला बलावलं. त्यानं लिंबाचा पाला चारला. पाला कडू लागला तर इख चढलं न्हाई, गोड लागला तर चढलं. माझ्या बापाच्या टायमापासून आसंच चालत आलंय. कोंडाला चारला. कडू लागतंय, म्हणली. परत चारला. कडूच लागतंय, म्हणली. म्हणून मी थांबलो, आनंदा. पाय सुजून राहिला हुता, डोळ्याला दिसत हुतं, पर ती कडू म्हणून राहिली, म्हणून मी थांबलो."

दूर कापसात कुणीतरी बैलाला हाकारत होतं. शेषेरावचा आवाज इतका बसला होता की आनंदराजला वाकून ऐकावं लागत होतं.

"आता वाटतं, गोड लागत आसंल तिला. मी लई भेलो हुतो ना. मला धीर यावा म्हणून कडू म्हणत आसंल. तसलीच हुती ती."

"आन् हे तुमी गावाला..."

"गावानं इचारलं, कसं झालं. माझ्या तोंडातून गेलं, फाटकानं घात केला. येकदा गेलं, मंग तेच खरं झालं. भगतबी गप बसला, त्याला त्याची अब्रू हाय. सोम्या कॉलेजाला हुता तवापासून सांगत आलाय, बाबा, साप चावला तर सरळ दवाखाना, मधी कुठं थांबायचं न्हाई. तिकडं पोरांना तेच शिकवतो. त्याला कोणत्या तोंडानं सांगू की तुझ्या मायला मी बसवून ठिवलं? तुझा कसूर न्हाई. फाटकाचाबी न्हाई. समदं तुझ्यावर ढकललं. मला दुसरं काय देता येत हुतं? दूध दिलं."

आनंदराजला राग आला. वर्षभर बाजारातून मान खाली घालून चाललेली पंचशीला त्याच्या डोळ्यांपुढे आली. ज्या माणसाला तो 'मोठ्या मनाचा' समजत होता, त्या माणसाने आपलं ओझं त्याच्या पाठीवर टाकलं होतं आणि वर रोज चहापुरतं दूध. एक ठेवून द्यावी असं वाटलं. या रागाखाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटेल म्हणून त्याने स्वतःला चाचपून बघितलं. तसं काही वाटलं नाही. कोंडाबाईचा वेळ देवळापाशी गेला हे खरं, पण ते त्याला त्या दुपारी कुठे ठाऊक होतं? आपल्या हातून ही बाई मरणार असं समजूनच त्याने किल्ली मुठीत दाबली होती. ते आज कुणाच्या सांगण्याने पुसणार नव्हतं.

"तुमी लई वंगाळ केलं, दादा," तो म्हणाला.

"हाव."

"माझी बायको रडली बाजारातून येऊन."

"ठाव हाय मला." शेषेरावने हात जोडले. "उद्या कोंडाचं वर्षश्राद्ध हाय. सोम्या येऊन राहिलाय. त्याला सांगू नगस. येकच पोरगं हाय मला. त्यो माझं तोंड बघणार न्हाई."

आनंदराज काही बोलणार, तेवढ्यात भोकरकडून पांढरी गाडी आली. लातूर पासिंगची. ती फाटकातून पुढे जायची, पण पायरीवर बसलेला बाप दिसला तशी थांबली. सोमेश खाली उतरला. मागच्या सीटवर श्राद्धाचं सामान होतं, केळीची पानं काचेला टेकलेली.

"बाबा, तुम्ही इथं काय करताय? याच्या दारात?"

शेषेराव उठून उभा राहिला. सोमेश आनंदराजकडे वळला. मागच्या वर्षी त्याच्या डोळ्यांत आग होती. आज तो नुसता थकलेला दिसत होता, कानशिलावरचे केस पांढरे झालेले.

"फाटक बंद होतंय म्हणे तुमचं."

"हाव, सर. सोमवारपासून."

"मग जायच्या आधी एक सांगा. मी रागाने विचारत नाही. वर्षभर मी हाच हिशोब मांडतोय. पोरांना विषाचा धडा शिकवताना मधेच थांबतो. घोणसच्या विषाला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. ताबडतोब निघाले होते, तर आई हाताला लागायला हवी होती. तुम्ही फाटक उघडलं असतं तर माझी आई वाचली असती ना?"

उत्तर आनंदराजच्या जिभेवर होतं. दोन वाक्यांत सगळं संपत होतं. सकाळी चावली होती, दुपारपर्यंत देवळापाशी होती. एवढं म्हटलं की वर्षभराची काळोखी त्याच्या तोंडावरून पुसली गेली असती, पंचशीला ताठ मानेने बाजारात गेली असती. त्याने शेषेरावकडे बघितलं. शेषेरावने डोळे मिटून घेतले होते. हातातली टोपी खाली पडली होती, ते म्हाताऱ्याच्या ध्यानातही नव्हतं.

'उघडलं असतं तर वाचली असती' हेही आनंदराजला म्हणता येईना. ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायचं नाही हे त्याने रोज सकाळी हात जोडून स्वतःला सांगितलेलं होतं.

"वाचली आसती का न्हाई, मला ठाव न्हाई, सर," तो म्हणाला. "फाटक बंद हुतं. किल्ली माझ्या हातात हुती. तुमच्या वडलांनी माझे पाय धरले, तरी मी उघडलं न्हाई. एवढं खरं हाय."

"आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं."

समोरचा माणूस नियम सांगेल, साहेबाची शाबासकी सांगेल, अशा तयारीने सोमेशने विचारलं असावं. यांपैकी काहीच झालं नाही. त्याने मान हलवली आणि गाडीचं दार उघडायला वळला.

केबिनमधला फोन वाजला. आनंदराज आत गेला, स्टेशनातून मालगाडी सोडत होते. त्याने बाहेर येऊन हँडल फिरवलं. दांडी खाली आली, कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली. परत आत जाऊन त्याने आकडा सांगितला आणि झेंडी घेऊन रुळाकडे चालू लागला. सोमेशची गाडी अलीकडेच अडकली होती. तिच्यामागे रिकामी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला.

"सोम्या."

आवाज शेषेरावचा होता. आनंदराजने मागे वळून बघितलं. म्हातारा पायरी सोडून रस्त्यावर आला होता.

"सोम्या, थांब. त्या माणसाला काय इचारून राहिला? मला इचार."

पुढचं आनंदराजला ऐकू आलं नाही. गाडी आली होती. डबे भरलेले होते, त्यामुळे ती जड चालीने, जमीन हादरवत चालली होती. झेंडी धरून तो उभा राहिला. गेटमनने गाडीकडे बघायचं असतं. चाकं, कपलिंग, कुठे धूर निघतोय का, हे पाहायचं असतं. तसं तो बघत होता. पण मान वळायची ती वळलीच. शेषेरावचे ओठ हलत होते. बोलता बोलता त्याने डावा हात पुढे केला, जणू कुणाची तरी हनुवटी धरली आहे, आणि उजव्या हाताची चिमूट त्या हनुवटीच्या वर, तोंडापाशी नेली. परत नेली. सोमेश गाडीच्या दाराला धरून उभा होता. मग त्याचा हात दारावरून घसरला आणि तो रस्त्याच्या कडेला, चिखलात, पांढऱ्या शर्टासकट खाली बसला.

गाडी गेली. शेवटच्या डब्याचा आवाजही गेला. आनंदराजने स्टेशनला कळवलं, कुलूप काढलं आणि फाटक वर केलं.

रस्ता मोकळा झाला, पण सोमेशची गाडी हलली नाही. सोमेश गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि शेषेराव त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. पोराच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, ते त्याला ठरवता येत नव्हतं. त्याचा हात मधेच थांबलेला होता.

मागून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. मग परत वाजवला.

"ओ गेटमन मामा, उघडलं ना फाटक? मंग काय झालं? आजून गाडी हाय का?"

आनंदराज त्याच्याकडे गेला आणि तळहात वर करून चाकापाशी उभा राहिला.

"गाडी न्हाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जरा थांब."

ट्रॅक्टरवाल्याने पुढे वाकून रस्त्याच्या कडेला बघितलं आणि इंजिन बंद केलं.